साल, रोज, गुत्ते

हिंगोली-वसमतकडच्या शेतकऱ्याचा गुढीपाडवा हा एकेकाळी हिशेबाचा दिवस होता. सकाळी गुढी, दुपारी पुरणाचे जेवण आणि दिवस कलला की ओसरीवर सालगड्याचा हिशेब. खाडे किती झाले, उचल किती गेली, पोरीच्या लग्नाला वरून किती घेतले. वजाबाकीत जे उरे ते बहुधा गड्याच्या अंगावरच उरे, आणि नव्या सालात ओढले जाई. मग नवे साल ठरे: रोख इतकी, ज्वारी इतकी पोती, धोतरजोडी, पायताण, पावसाळ्याला घोंगडी. कागद क्वचितच होई. चार माणसांसमोरची बोली पुरे. पुढच्या पाडव्यापर्यंत गडी बांधला गेला, आणि काही अंशी मालकही.

आज जिल्ह्यात सालगडी अजिबात नाहीत असे नाही. पण शेतीचे काम ज्या मापाने दिले-घेतले जाते ते माप साल राहिलेले नाही. आधी ते रोजावर आले, मग गुत्त्यावर, आणि आता पुष्कळ कामांत एकर, तास, कट्टा, क्विंटल यांवर. या लेखाचा विषय तेवढाच आहे: व्यवहाराचे माप लहान कसे होत गेले, आणि त्या मापाबरोबर माणसामाणसातले काय लहान झाले, काय झाले नाही.

मापच का धरायचे, हे आधी सांगायला हवे. सावकाश होणाऱ्या बदलाची अडचण अशी की त्याला तारीख नसते. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, ही तारीख कुणालाही सांगता येते. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा व्हायची आहे आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली, हेही सांगता येते. चार किलोमीटरच्या भुजेत अणूच्या गर्भाहूनही कितीतरी लहान हालचाल पकडणारे ते यंत्र आहे. गावाच्या हालचालीला असे यंत्र नाही. शेवटचा सालगडी कोणत्या पाडव्याला उठला, हे गावात विचारा. दहा जण दहा वर्षे सांगतील, आणि कुणीच खोटे बोलत नसेल. कुणी ठराव केला नाही, मोर्चा निघाला नाही. प्रत्येक घराने आपापल्या सोयीचा एकेक शहाणा निर्णय घेतला, आणि त्यांची बेरीज कुणी मागितली नव्हती अशी आली. म्हणून घटनांच्या मागे न लागता मजुरी कशाच्या हिशेबाने मोजली जाते ते पाहावे. ती सवय बोलण्यात उतरलेली असते आणि लपत नाही.

या बदलाच्या साखळीचे पहिले टोक ज्वारीत आहे. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा संकरित वाण आला आणि मराठवाड्यात ज्वारीलाच ‘हायब्रीड’ हे नाव पडले. त्या खरीप ज्वारीने दाणे वाढवले, पण जुनी घडी मोडली नाही. दाणा माणसाला, कडबा बैलाला आणि ज्वारीचे पोते गड्याला, हे तीन हिशेब एकाच पिकातून भागत राहिले. घडी मोडली ती सोयाबीनने. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा जेएस-३३५ हा वाण १९९४ चा; त्याच्या मागेपुढे सोयाबीन मराठवाड्यात पसरत गेले आणि आज हिंगोलीच्या खरिपाचे निम्म्याहून जास्त क्षेत्र त्याच्याखाली आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने निवड चोख होती. शंभर दिवसांत पीक हातात, दिवाळीच्या तोंडावर पैसा, मागून हरभऱ्याला रान मोकळे. शिवाय ज्वारी पाखरे खातात, सोयाबीन खात नाहीत. राखणीला माचव्यावर बसणारा माणूस वाचला.

पण सोयाबीनचा कडबा होत नाही. मळणीनंतर जो भुसा उरतो तो जनावर खाते, पण बैलजोडी वर्षभर पोसावी अशी ती वैरण नव्हे. कडबा विकत घ्यायचा तर बैल परवडत नाहीत. बैल गेले की नांगर, वखर, तिफण ट्रॅक्टरच्या मागे जातात. आणि बैल गेले की त्यांना पहाटे वैरण टाकणारा, शेणघाण काढणारा, रात्री गोठ्यात निजणारा माणूस बारा महिने कशाला हवा? सालगडी हा शेताचा नोकर मानला जातो; खरे पाहता त्याचे साल बैलांच्या पोटावर चालत होते. पेरणी, डवरणी आणि काढणीचे दिवस सोडले तर वर्षभराचे रोजचे काम गोठ्याचे. गोठा रिकामा झाला तेव्हाच साल मोडले. यंत्राने गड्याला हाकलले हे म्हणणे निम्मेच खरे. ट्रॅक्टर ज्यांना घेता आला नाही, त्यांच्याही घरचे साल मोडले.

दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. साल मोडावे असे सगळ्यात आधी गड्यालाच वाटत होते. त्या बोलीत त्याच्या बायकोचे गोठा झाडणे, मालकिणीच्या हाताखाली राबणे हे न बोलता धरलेले असे, आणि त्याचे मोल शून्य. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. पण अंगावरची उचल कायद्याने फिटत नाही, दुसरीकडे काम मिळाले तर फिटते. ते दुसरे काम महाराष्ट्रात आधी रोजगार हमीने दिले, तिचा कायदा १९७७ चा. पुढे फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्रीय रोजगार हमी देशातल्या पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत हिंगोली होता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर गहू दोन आणि तांदूळ तीन रुपये किलो झाला आणि मालकाच्या कणगीतली ज्वारी ही दबाव टाकण्याची वस्तू उरली नाही. कडबा संपला म्हणून मालकाला गडी नकोसा झाला आणि रेशन आले म्हणून गड्याला मालक नकोसा झाला. दोन वेगवेगळ्या दिशांनी आलेले बदल एकाच ओसरीवर भेटले.

सालाच्या जागी रोज आला, आणि रोजाच्या पोटातून गुत्ते. मराठवाड्यात हा शब्द इतका रोजचा आहे की त्यात काही नवे घडले आहे असे वाटतही नाही. एकरभर सोयाबीन कापून देण्याचे इतके, हळदीचे गड्डे मोडण्याचे इतके, अशी बोली होते. किती माणसे आणायची आणि किती वाजता यायचे हे टोळी ठरवते. बायांना गुत्ते आवडते, कारण सकाळी सहाला हात लावला तर दुपारी दोनपर्यंत दीड रोजाचा पैसा होतो आणि बांधावर उभे राहून ‘हात चालवा’ म्हणणारा कुणी नसतो. मालकालाही आवडते, कारण त्याला उभे राहावे लागत नाही. दोघेही खूश असलेला हा व्यवहार तिसऱ्याच व्यक्तीवर पडतो. रोजाच्या पद्धतीत साठीची म्हातारी आणि विशीतली सून एकाच रांगेत बसत. म्हातारीची पात मागे राहिली तर शेजारीण चार हात मारून ती पुढे आणी. रोज दोघींना सारखाच. गुत्त्यात तेच चार हात टोळीच्या पैशातून जातात. म्हणून म्हातारीला वगळते ती टोळी, मालक नव्हे. ‘मावशी, तुम्ही आता घरीच बसा, पोरं सांभाळा’ असे प्रेमाने म्हणून वगळते. क्रूरपणा कुणाच्याच मनात नाही. तो मोजण्याच्या पद्धतीत आहे.

निंदणीचे तर गुत्तेही फारसे उरले नाही. पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी इमॅझेथापायरसारखे तणनाशक मारले की पाठीवर पंप घेतलेला एक माणूस दिवसात काही एकर रान उरकतो. तिथे आधी एकेका एकराला आठ-दहा बाया खुरपे घेऊन बसत. श्रावणातली ती मजुरी बायांच्या हातची होती, पंप पुरुषाच्या पाठीवर आहे. मजुरीचा एक पूर्ण हंगाम स्त्रियांकडून पुरुषांकडे गेला.

आता हळद. राज्यात सर्वाधिक हळद हिंगोली जिल्ह्यात होते; वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हरिद्रा संशोधन केंद्रही वसमतलाच आहे. या पिकाला शेतात आठ-नऊ महिने लागतात, आणि खरे कष्ट ते जमिनीतून निघाल्यावर सुरू होतात. ओली हळद शिजवून, वाळवून, घासून बाजारात न्यायची. पाच क्विंटल ओल्या मालाची साधारण एक क्विंटल वाळलेली होते.

शिजवणे पूर्वी काहिलीत चाले. शेतातच चर खणून चूल करायची, तीवर लोखंडी काहील, तीत हळकुंडे आणि पाणी, वर हळदीचाच पाला आणि ओली पोती दाबून झाकण. खाली पऱ्हाट्या, लाकडे. दोन-तीन तास जाळ. केव्हा उतरवायचे हे सांगणारा माणूस गावात एखाद-दुसराच. तो फेस बघे, वाफेचा वास घेई, मग एक हळकुंड काढून त्यात काडी खुपसे. काडी न अडता गेली तर माल झाला. कच्चा राहिला तर वाळताना आतून काळपट, जास्त शिजला तर रंग मरतो. सबंध हंगामाचे पाणी आणि खताचा खर्च त्या एका काडीवर. काहिलीभोवती रात्र जागवायला भावकी येई, शेजारी येई. आज तुझी, उद्या माझी. सावड म्हणतात ती हीच, आणि ती पैशात मोजत नसत म्हणून तिची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आज फेब्रुवारी-मार्चमध्ये शिवारात बॉयलर फिरतो. मधे वाफेची टाकी, भोवती लोखंडी पिंपे, सगळे ट्रॅक्टरला जोडून आणलेले. एका पिंपात हळद भरायची, वाफ सोडायची. वरून वाफ जोरात फुटू लागली की थोड्याच मिनिटांत पिंप रिकामे करून पुढचे. एक निघते तोवर दुसरे तयार. माल एकसारखा शिजतो, जळण वाचते, पाणी कमी लागते, आठवड्याचे काम दिवसावर येते. मालाच्या दृष्टीने काहिलीपेक्षा हे उजवेच, यात वाद नाही. दर क्विंटलवर. बॉयलरवाला परगावचा असतो, फोनवर नंबर लागतो, आणि पैसे फोनवरूनच जातात. त्याला चहा मिळतो, जेवणही मिळते; पण पुढच्या वर्षी तो येईल की दुसरा, याने कुणाला फरक पडत नाही. काडी खुपसणारा जाणता माणूस अजून येऊन बसतो, चार गोष्टी सांगतो. त्याचे सांगणे चुकीचे नाही, फक्त आता त्यावर काही अवलंबून नाही.

सोयाबीनच्या मळणीचे हेच. हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, येतो, गंजी तासा-दोन तासांत संपवतो, कट्ट्यावर पैसे घेतो आणि धुरळा बसायच्या आत पुढच्या रानात असतो.

इथवरच्या पुराव्यावर एक सोपा सिद्धांत मांडता येईल: माप जितके लहान, तितके त्यात कमी मावते. सालात आजारपण मावत होते, लग्न मावत होते, शिवीगाळही मावत होती. रोजात निदान दुपारची भाकरी मिळून खाणे मावे. क्विंटलमध्ये क्विंटलच मावतो. माणूस मोकळा झाला आणि एकटा झाला, असे म्हणून लेखणी खाली ठेवता येईल.

पण हा सिद्धांत अपुरा आहे, कारण सगळीच मापे लहान झालेली नाहीत. जिल्ह्यातल्या तांड्यांवरून, वाड्यांवरून ऊसतोडीला जाणारे लोक आजही ‘कोयता’ या मापाने मोजले जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. एकटा गेला तर तो अर्धा कोयता. उचल हंगामाच्या आधी, फेड हंगामभर, आणि उरली तर पुढच्या हंगामात. ही जुन्या पाडव्याचीच बोली आहे. फक्त ओसरीच्या जागी मुकादम आहे आणि गावाच्या जागी कारखान्याचा फड. कृषी सेवा केंद्रातली बियाणे-खतांची उधारी सुगीपर्यंत चालते, तिचे माप हंगाम. पीककर्जाचे माप वर्ष. आडत्याकडून घेतलेल्या रकमेचे माप तर कुणी ठरवतच नाही. माल त्याच्याच दुकानी लावायचा एवढे ठरलेले असते. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटात लिलाव उघड होतो, सांगलीचा भाव खिशातल्या फोनवर दिसतो, तरी ज्याच्या अंगावर आडत्याचे पैसे आहेत त्याला भाव दिसून उपयोग थोडाच.

म्हणजे श्रमाचे माप लहान होत गेले आणि कर्जाचे लांब राहिले, काही ठिकाणी आणखी लांबले. या बदलाची मुख्य रेघ मला इथे दिसते, यंत्रात नव्हे. जुन्या व्यवस्थेत देणे आणि काम यांची मुदत एकच होती: एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत. ती व्यवस्था कितीही जाचक असली तरी धनकोला ऋणकोचे तोंड रोज बघावे लागे, आणि पावसाने दगा दिला तर दोघांच्याही ताटात तो दिसे. आता काम तासावर तुटते आणि देणे वर्षांवर चालते. दोन्ही वेगवेगळ्या माणसांशी. बॉयलरवाल्याचेच घ्या. क्विंटलचे पैसे घेऊन तो मोकळा होतो असे शेतकऱ्याला वाटते. पण बॉयलर त्याने कर्जावर घेतलेला असतो, ट्रॅक्टरही. हळदीचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, हप्ता मात्र वर्षभर डोक्यावर. म्हणून तो रात्री दोन वाजताही पिंप भरतो. त्याला उभे करणारा मालक बांधावर नाही, इतकेच.

ट्रॅक्टरचे कर्ज साधारण पाच ते सात वर्षांचे असते, हप्ता बहुतेक सहामाही. सोयाबीन आले की एक, हळद-हरभरा विकला की दुसरा. घेणारा बहुधा सालगडी ठेवणाऱ्यांच्या घरचा तरुण, कधी सालगड्याच्याही घरचा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून तो गाडी पाडव्यालाच काढतो. शोरूमसमोर ओळीने ट्रॅक्टर उभे असतात, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. आत टेबलावर कागद येतो. वाचायला वेळ नसतो, गुरुजी थांबलेले असतात. तो जिथे जिथे फुली केलेली आहे तिथे तिथे सह्या करतो.