दोन ओळींमधली घोड्याची वाट

अमेरिकेत गाजराच्या बियांच्या पाकिटावर दोन अंतरे छापलेली असतात: ओळीतल्या दोन रोपांत दोन-तीन इंच आणि दोन ओळींत फूट-दीड फूट. गाजराला दिशा कळत नाही. मग एका बाजूला तीन इंच पुरतात आणि दुसऱ्या बाजूला पंधरा लागतात, हे कसे? याचे उत्तर औजारात आहे. जेथ्रो टलने 1731 साली इंग्लंडात घोड्याकडून कोळपणी करण्याचा पुरस्कार केला. पुढे अमेरिकेत मक्याच्या दोन ओळींत 40 इंचांच्या आसपास अंतर रुळले, ते मधून घोडा जावा म्हणून. आपल्याकडेही पाभरीच्या फणांनी आखलेल्या अंतरातूनच कोळपे चालते. घोडे गेल्यावर अमेरिकेतला मका हळूहळू 30 इंचांवर आला. दाट लागवड सोसणारी नवी वाणे आली हेही खरे, पण घोडा होता तोवर त्यांचा उपयोग तरी काय होता?

परसबागेत मात्र घोडा कधीच नव्हता, तरी वाट राहिली. ती बुजवली मेल बार्थोलोम्यू या निवृत्त स्थापत्य अभियंत्याने, 1981 च्या ‘स्क्वेअर फूट गार्डनिंग’ या पुस्तकात. चार फूट बाय चार फुटांचा वाफा, त्यावर पट्ट्या टाकून आखलेले 16 चौकोन. एका चौकोनात मुळे 16, बीट 9, लेट्यूस 4 किंवा कोबी एक. रुंदी चारच फूट, कारण दोन्ही बाजूंनी हात दोन फूट पोचतो आणि मातीवर पाय पडत नाही. माती तुडवलीच नाही, तर मोकळी करायला वाट कशाला?

यावर पहिला आक्षेप भूमितीचा. कॅलिफोर्नियात जॉन जेव्हन्सने 1974 पासूनच त्रिकोणी मांडणी सांगितली होती, आणि मोठ्या क्षेत्रात तिच्यात सुमारे 15 टक्के रोपे जास्त बसतात. पण चार फुटी वाफ्यात, काठापासून अर्धा फूट सोडून, फुटाफुटावर कोबी लावून पाहा: चौकोनी मांडणीत 16, त्रिकोणीत 4, 3, 4, 3 अशा 14 च. लहान जागेत काठच फायदा खातो. दुसरा आक्षेप वजनदार आहे. बागकामावर लिहिणारे स्टीव्ह सॉलोमन 2005 च्या पुस्तकात म्हणतात की विरळ लागवडीत प्रत्येक रोपाच्या वाट्याला जास्त माती, म्हणून जास्त ओल येते आणि पाणी न देताही पीक तगते. हे मान्य करावेच लागते. बार्थोलोम्यूचा दाट वाफा नळाच्या भरवशावर उभा आहे. ज्यांना पावसावरच विसंबायचे, त्यांच्यासाठी तो नाही. टोमॅटो-भोपळ्यालाही तो एक फुटाचा चौकोन जाळी उभारून वर चढवल्याशिवाय पुरत नाही. तेव्हा पाकिटावरचे पहिले अंतर पाळा. दुसरे, नळ जवळ असेल तर, खुशाल सोडून द्या.