पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला तर चौकशी कशी होते? घरच्यांना माहीत असावेत असे नियम

वरोरा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात ‘चकमक’ हा शब्द शाळकरी मुलांनाही माहीत आहे. गडचिरोलीत कसनासूर आणि आसपासच्या जंगलात एप्रिल २०१८ मध्ये दोन दिवसांत ४० जण मारले गेले. पुढच्याच वर्षी, १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक ठार झाले. पोलिसांच्या जिवालाही इथे धोका असतो, हे मान्य करूनच पुढचे वाचावे.

प्रश्न वेगळा आहे. पोलिसाची गोळी लागून माणूस मेला, तर ती गोळी गरजेची होती की नाही हे ठरवायचे कोणी? गोळी चालवणाऱ्याने स्वतः ठरवायचे नाही, हे कायद्याचे उत्तर आहे.

कायदा काय सांगतो

‘एन्काउंटर’ नावाचे कोणतेही कलम कायद्यात नाही. पोलिसाला स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण तो तुम्हा-आम्हाला आहे तेवढाच. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ त्याबद्दल आहेत. अटकेबद्दल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ आहे. ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला पकडताना ठार मारण्याचा अधिकार हे कलम देत नाही. आणि आरोप कितीही मोठा असला, तरी शिक्षा द्यायचे काम कोर्टाचेच.

२०१४ चा निकाल

१९९५ ते १९९७ या काळात मुंबईत सुमारे ९९ चकमकी झाल्या आणि त्यांत सुमारे १३५ जण मेले. त्यांच्या खरेपणाबद्दल पीयूसीएल ही संघटना कोर्टात गेली. २३ सप्टेंबर २०१४ रोजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी १६ नियम घालून दिले. हे नियम देशभर कायद्यासारखेच बंधनकारक आहेत. त्यातले महत्त्वाचे असे:

– गुन्हेगाराबद्दल खबर मिळाली की ती आधी केस डायरीत किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात नोंदवायची.
– गोळीबारात मृत्यू झाला की एफआयआर नोंदवून लगेच कोर्टात पाठवायचा.
– तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करायचा, तोही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली.
– पोस्टमॉर्टेम जिल्हा रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांनी करायचे आणि त्याचे व्हिडिओ चित्रीकरण जपून ठेवायचे.
– गोळी चालवणाऱ्यांनी आपली शस्त्रे तपासणीसाठी जमा करायची.
– जखमीला उपचार द्यायचे आणि मॅजिस्ट्रेट किंवा डॉक्टरने त्याचा जबाब घ्यायचा.
– नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचे.
– पोलीस गोळीबारातल्या प्रत्येक मृत्यूची मॅजिस्ट्रेटमार्फत चौकशी करायची.
– मानवी हक्क आयोगाला विनाविलंब माहिती द्यायची.
– घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक द्यायचे नाही. शौर्य नि:संशय सिद्ध झाले तरच द्यायचे.

हे नियम पोलिसांच्या विरोधात आहेत असे समजू नये. ज्याने खरोखर जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली, त्याच्या बाजूनेही हाच कागद बोलतो.

कागद कसा कामी येतो

११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीहून उचलले गेले. वर्सोव्यात चकमकीत तो मारला गेला, असे पोलिसांनी सांगितले. पण त्याचा भाऊ रामप्रसाद गुप्ता वकील होता. भावाला पकडून नेल्याचे कळताच त्याने बड्या अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. चकमकीची बातमी त्यानंतर आली. तारीख आणि वेळ असलेला तो कागद पुढे फार मोलाचा ठरला. २००९ मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने विशेष तपास झाला. मुख्य साक्षीदाराचा २०११ मध्ये, साक्ष होण्याआधीच, खून झाला. तरीही २०१३ मध्ये २१ जणांना जन्मठेप झाली, त्यात १३ पोलीस होते. १९ मार्च २०२४ रोजी हायकोर्टाने माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांची सुटका रद्द करून त्यांनाही जन्मठेप दिली. ते प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेले.

दुसरे उदाहरण बदलापूरचे. शाळेतल्या लहान मुलींवरील अत्याचाराचा आरोपी अक्षय शिंदे २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गाडीतच गोळीने मेला. त्याने पिस्तूल हिसकावले, असे पोलिसांचे म्हणणे होते. मॅजिस्ट्रेटच्या चौकशीत मात्र त्या पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नसल्याचे समोर आले. जानेवारी २०२५ मध्ये त्या अहवालाने पाच पोलिसांना मृत्यूला जबाबदार धरले. एप्रिलमध्ये हायकोर्टाने विशेष पथकामार्फत तपासाचा आदेश दिला. आरोप किती घृणास्पद होता, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. तरी चौकशीचे नियम तेच राहिले, आणि ते तसेच राहायला हवेत.

घरच्यांनी काय करावे

१. माणूस उचलून नेल्याचे कळताच पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी आणि मानवी हक्क आयोगाला ईमेल करावा किंवा स्पीड पोस्टाने कळवावे. वेळ आणि ठिकाण नक्की लिहावे. नुसता फोन पुरत नाही.

२. मय्यत लवकर दफन करावी ही आपली रीत आहे. पण पोस्टमॉर्टेमला विरोध करू नये, तोच पुढे पुरावा असतो. मय्यत ताब्यात मिळाल्यावर गुस्ल देण्याआधी जखमांचे फोटो काढून घ्यावेत. कपडे मिळाले तर धुऊ नयेत. पुढे गरज पडल्यास मॅजिस्ट्रेट कलम १९६ नुसार दफन केलेला मृतदेहही बाहेर काढून तपासायला लावू शकतात.

३. मॅजिस्ट्रेटच्या चौकशीत आई-वडील, मुले, भावंडे, पती किंवा पत्नी यांना हजर राहता येते. त्यांना शक्यतो कळवावे असे कायदा सांगतो. पत्ता आधीच देऊन ठेवावा. पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला असेल तर चौकशी न्यायिक मॅजिस्ट्रेटच करतात.

४. एफआयआरची प्रत मागावी. बऱ्याचदा तो ‘पोलिसांवर हल्ला’ केल्याचा, म्हणजे मृताविरुद्धच असतो. घाबरून जाऊ नये. आपली तक्रार वेगळी आणि लेखी द्यावी.

५. नियम पाळले नाहीत असे वाटले तर सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते, आपल्या जिल्ह्यासाठी चंद्रपूरला. त्यापुढे हायकोर्टाचे नागपूर खंडपीठ आहे.

६. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावे.

७. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे.

अशा वेळी व्हॉट्सॲपवर अफवा फिरवून किंवा ठाण्यासमोर गर्दी करून काही हाती लागत नाही. उलट आपल्याच पोरांवर गुन्हे दाखल होतात आणि मूळ प्रश्न मागे पडतो. गल्लीतल्या एका शिकल्या-सवरल्या माणसाने कुटुंबासोबत बसून अर्ज लिहून द्यावा, पोच घ्यावी आणि प्रत फाईलला लावावी. लखनभैया प्रकरणात निकाल यायला सात वर्षे लागली. एवढी वर्षे टिकतो तो कागदच.