मोडक्या मोटारींचा हिशेब



जुन्या मोटारींचा विषय निघाला की राजेरजवाडे, त्यांचा थाट आणि त्यांच्या लहरी यांच्याच गोष्टी सांगितल्या जातात. मी आज आपणांस फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील म्युलूझ या गिरणगावात नेणार आहे. ही हकीकत जितकी मोटारींची तितकीच गिरणीकामगारांची आहे. ज्याचे आयुष्य गिरण्यांच्या दाराशी सभा घेण्यात गेले त्याने ती सांगितली, तर आपण राग मानणार नाही अशी उमेद आहे.

प्रथम, पडीक मोटारीची पारख कशी करतात ते पाहू. जाणता कारागीर रंगाला किंवा दिव्यांच्या चकाकीला भुलत नाही. तो आधी गाडीखाली शिरतो. पोलादी सांगाडा गंजाने पोखरला आहे काय, तो वाकला आहे काय, हे तपासतो. मग सांगाड्यावरचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी ताडून पाहतो. कारण तीन गाड्यांचे अवशेष जोडून चौथी उभी करणारे लोक जगात थोडे नाहीत. जुन्या गाड्यांचा पत्रा लाकडी चौकटीवर ठोकलेला असे. वरचा पत्रा शाबूत दिसतो आणि आतले लाकूड कुजून गेलेले असते. इंजिन हाताने फिरते की जाम झाले आहे, हे पाहावयाचे. शेवटी काय हरवले आहे याची यादी करावयाची. मोडलेला भाग दुरुस्त होतो. हरवलेला भाग दुर्मिळ गाडीचा असेल तर तो नव्याने घडवावा लागतो, आणि खर्च तेथेच हाताबाहेर जातो. म्हणजे प्रश्न तीन: ही वस्तू कोणती, तिच्यातले उरले किती, आणि ती उभी करावयास लागेल किती?

आता ज्या मोटारींसाठी माणसे वेडी झाली त्यांकडे वळू. एत्तोरे बुगाटी हा जन्माने इटालियन. त्याने १९०९ साली अल्सासमधील मोल्सहाइम येथे कारखाना काढला. त्याच्या हलक्या, वेगवान गाड्यांनी शर्यती गाजविल्या. पुढे त्याने राजांसाठी म्हणून 'रोयाल' नावाची प्रचंड गाडी काढली. तिचे इंजिन सुमारे पावणेतेरा लिटरचे होते. अशा सहाच गाड्या झाल्या आणि मंदीच्या दिवसांत त्यांतल्या तीनच गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या. तीच इंजिने मग आगगाडीच्या डब्यांना बसवून कारखान्याने आपला निभाव लावला. १९३६ साली फ्रान्सभर संपांची लाट उठली, तीत बुगाटीचे कामगारही उतरले. आपण यांना घरच्या माणसांसारखे वागविले, असे मालकास वाटत होते. तो घाव त्याच्या इतका जिव्हारी लागला की कारखाना मुलावर सोपवून तो पॅरिसला निघून गेला. घरच्यासारखे वागविणे निराळे आणि हक्क मान्य करणे निराळे, हे पुष्कळ चांगल्या मालकांनाही उमगत नाही.

त्यानंतर हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ हे दोघे स्विस बंधू येतात. लोकरीच्या धंद्यात त्यांनी अल्सासमधील गिरण्या एकामागून एक ताब्यात घेतल्या. फ्रिट्झला बुगाटीचे वेड होते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात एका धनिकाने तीस बुगाटी जमविल्या होत्या. त्यांची पाहणी झाली तेव्हा गाड्या मातीच्या जमिनीवर, गळक्या छपराखाली उभ्या होत्या आणि काहींत पाखरांनी घरटी केली होती. श्लुम्फने १९६४ साली त्या सगळ्या ८५,००० डॉलरना घेतल्या. त्यांत एक रोयालही होती. आज त्या एका रोयालची किंमत काय होईल, याचा विचारही आपल्यासारख्यांनी करू नये!

हा माल म्युलूझच्या एका जुन्या गिरणीत आला. तेथे सुतार, लोहार, चामडेकाम करणारे, यंत्रांचे कारागीर असे निवडक लोक ठेवून बाहेर वाच्यता होऊ न देता काम चालू झाले. चारशेहून अधिक मोटारी जमल्या, त्यांत शंभराहून अधिक बुगाटी. पॅरिसच्या एका पुलावरील दिव्यांच्या खांबांसारखे शेकडो खांब त्या दालनात उभे केले. परंतु लोकरीचा धंदा खालावत होता. १९७६ साली कामगार कपात सुरू झाली, संप झाला आणि दोघे बंधू सीमेपलीकडे स्वित्झर्लंडला निघून गेले. ७ मार्च १९७७ रोजी कामगार त्या गिरणीत शिरले. पगारासाठी पैसा नाही असे ज्यांना सांगितले होते, त्यांनी समोर काय पाहिले याची कल्पना आपण करा.

येथे पारखीचा चौथा प्रश्न उभा राहिला: हे कोणाच्या श्रमातून आले? संतापाच्या भरात एक लहानशी मोटार जाळली गेली असे सांगतात. परंतु पुढचे वर्तन पाहा. कामगारांनी गाड्या फोडल्या नाहीत, सुटे भाग विकून खाल्ले नाहीत. त्यांनी पाळीपाळीने पहारा ठेवला, दारे लोकांसाठी उघडली आणि गिरणीचा पैसा कोठे मुरला ते गावाला दाखविले. असे दोन वर्षे, १९७९ पर्यंत चालले. दरम्यान १९७८ साली सरकारने हा संग्रह ऐतिहासिक वारसा म्हणून जाहीर केला, त्यामुळे तो फुटून देशाबाहेर जाण्याचे टळले. १९८१ साली स्थानिक संस्थांच्या पुढाकाराने तो ४ कोटी ४० लाख फ्रँकना घेतला गेला आणि जुलै १९८२ मध्ये राष्ट्रीय संग्रहालय उघडले. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईच्या गिरणीकामगारांचा संप सुरू झाला होता. आपल्याकडे गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले, ते मी सांगावयास नको.

न्यायाने बोलावयाचे तर दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फ्रिट्झची नजर नसती तर त्या गळक्या छपराखालच्या गाड्या कदाचित भंगारात गेल्या असत्या. आणि कामगारांचा पहारा नसता तर संग्रह लिलावात विखुरला असता. मात्र मोटारी वाचल्या तशा नोकऱ्या वाचल्या नाहीत, हेही हिशेबात धरले पाहिजे.

एक शेवटचा मुद्दा. दुरुस्त न केलेल्या बासष्ट गाड्या दीर्घ वादानंतर फ्रिट्झच्या विधवेकडे आल्या आणि २००८ साली विकल्या गेल्या. त्यांतल्या काही घेणाऱ्याने मुद्दाम गंजासकट जशाच्या तशा ठेवल्या. मूळ रंग आणि मूळ चामडे एकदा काढून टाकले की पुन्हा मिळत नाही. नवी झळाळी आली की कारागिराच्या हाताची खूण पुसली जाते. म्हणून आपल्या गावात एखाद्या वाड्याच्या पडवीत जुनी मोटार सापडली, तर रंगाचा डबा आणण्याची घाई करू नका. आधी क्रमांक उतरवून घ्या, सुटे भाग एका जागी ठेवा आणि ती गाडी ज्याने चालविली, ज्याने दुरुस्त केली, त्यांची नावे घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या. गंज काढता येतो; माणूस गेल्यावर ती नावे सांगणारे कोणी राहत नाही.