व्हर्च्युअल मशीनची डिस्क वाढवली, तरी सी ड्राइव्ह तेवढाच का दिसतो?

कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी किंवा एखादं जुनं सॉफ्टवेअर चालवण्यासाठी अनेक जण आपल्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन तयार करतात. सुरुवातीला ५० जीबी पुष्कळ वाटतात, पण काही महिन्यांत जागा संपते. मग डिस्क १०० जीबी केली जाते, मशीन सुरू होतं आणि आत सी ड्राइव्ह अजूनही ५० जीबीच! घाबरू नका, बिघडलेलं काही नसतं. काम अर्धंच झालेलं असतं.

व्हर्च्युअल डिस्क म्हणजे तुमच्या खऱ्या कॉम्प्युटरवरची एक मोठी फाइल. या डिस्कच्या आत पार्टिशन असतं आणि पार्टिशनच्या आत फाइल सिस्टम. बाहेरून वाढते ती फक्त डिस्क. शेजारचा गाळा विकत घेतला, पण मधली भिंत पाडलीच नाही, तसा हा प्रकार.

व्हर्च्युअलबॉक्स आणि विंडोजचं उदाहरण घेऊ. आधी मशीन पूर्ण शटडाउन करा. 'सेव्ह स्टेट' चालणार नाही. मशीनचा क्लोन काढून ठेवा. कंटाळा येतो, पण पार्टिशनला हात लावताना चूक झाली तर सगळा डेटा जाऊ शकतो. जुने स्नॅपशॉट असतील तर वाढवलेली जागा आत दिसत नाही, त्यामुळे ते आधी काढावे लागतात. स्नॅपशॉट डिलीट केल्याने आत्ताचं काम जात नाही, फक्त मागच्या टप्प्यावर परतण्याची सोय जाते. यानंतर व्हर्च्युअल मीडिया मॅनेजरमध्ये डिस्क निवडून आकार वाढवा.

आता विंडोज सुरू करा, स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. नवी जागा 'अनअलोकेटेड' म्हणून काळ्या पट्टीखाली दिसेल. ती सी ड्राइव्हला लागूनच असेल, तर सी वर राइट क्लिक करून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' निवडलं की काम झालं.

खरी गोची पुढे आहे. बऱ्याचदा हा पर्याय फिकट दिसतो आणि क्लिकच होत नाही. कारण सी ड्राइव्ह आणि रिकाम्या जागेच्या मधे विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं. ते सरळ उडवून टाकण्याचा सल्ला अनेक व्हिडिओंत मिळतो. पण विंडोज बिघडलं तर दुरुस्तीची साधनं तिथेच असतात. त्यापेक्षा जीपार्टेडची आयएसओ फाइल जोडून मशीन बूट करा आणि ते पार्टिशन डिस्कच्या शेवटी सरकवा. पेन ड्राइव्हही लागत नाही. एवढंही नको असेल, तर रिकाम्या जागेवर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' करून वेगळा डी ड्राइव्ह बनवा. माझ्या मते नवख्यांसाठी हाच मार्ग बरा.

लिनक्समध्येही क्रम तोच: आधी पार्टिशन, मग फाइल सिस्टम. उबुंटू सर्व्हरमध्ये तर एक गंमत आहे. इन्स्टॉल करताना एलव्हीएमचा नेहमीचा पर्याय ठेवला, तर १०० जीबीच्या डिस्कवर साधारण निम्मीच जागा वापरात घेतली जाते. उरलेली आतच पडून असते, म्हणजे डिस्क वाढवायची गरजही नसेल.

आणि हो, 'डायनॅमिक' प्रकारात १०० जीबी ही फक्त कमाल मर्यादा असते. फाइल वापराप्रमाणे फुगत जाते. लॅपटॉपवरच ३० जीबी शिल्लक असतील, तर ते संपताच व्हर्च्युअलबॉक्स मशीन थांबवतो.