पकुध कच्चायन आणि शाळेतील परमाणू

एनसीईआरटीचे इयत्ता नववीचे विज्ञानाचे पाठ्यपुस्तक २००६ साली प्रथम प्रसिद्ध झाले. त्यातील तिसरे प्रकरण अणू आणि रेणू यांविषयी होते. डाल्टनकडे वळण्यापूर्वी लेखकांनी प्राचीन भारत आणि ग्रीस यांचा थोडक्यात परामर्श घेतला होता. पदार्थाचे विभाजन करीत गेल्यास शेवटी अविभाज्य परमाणू उरतो असे महर्षी कणादांनी सांगितले; पुढे पकुध कात्यायन नावाच्या तत्त्वज्ञाने हाच सिद्धान्त विस्ताराने मांडला आणि हे कण सामान्यतः संयुक्त अवस्थेत असतात, त्यातून पदार्थाची विविध रूपे बनतात, असे प्रतिपादिले, असा त्या मजकुराचा आशय होता. पकुधासंबंधीचे वाक्य एकच. परंतु केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांत शिकणाऱ्या मुलांच्या अनेक तुकड्यांनी ते परीक्षेसाठी वाचले.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला या एका वाक्यापाशी थांबावे लागते. हा पकुध कात्यायन म्हणजे पालि ग्रंथांतील पकुध कच्चायन होय. पूरण कस्सप, मक्खलि गोसाल, अजित केसकंबल, संजय बेलट्ठिपुत्त आणि निगंठ नातपुत्त यांच्यासमवेत बुद्धकालीन सहा प्रसिद्ध गणाचार्यांत त्याची गणना होते. त्याचा स्वतःचा ग्रंथ उपलब्ध नाही. त्याच्या मताविषयी आपणास जे कळते ते त्याच्या प्रतिपक्षाच्या साहित्यातून, आणि त्यातही प्रामुख्याने दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तातून. मज्झिमनिकायातील संदकसुत्तात तेच मत येते, पण तेथे त्याचे नाव नाही. तेव्हा पाठ्यपुस्तकातील विधानाचा पडताळा घ्यावयाचा तर सामञ्ञफलसुत्ताकडेच गेले पाहिजे.

तेथे पकुध सात 'काय' सांगतो: पृथ्वी, आप, तेज, वायू, सुख, दुःख आणि सातवा जीव. हे सातही कोणी केलेले नाहीत, कोणी निर्मिलेले नाहीत. ते पर्वतशिखरासारखे, रोवलेल्या खांबासारखे अचल आहेत. ते हलत नाहीत, बदलत नाहीत, परस्परांना बाधा करीत नाहीत; एक दुसऱ्याला सुख देण्यास किंवा दुःख देण्यास समर्थ नाही. आता या उताऱ्यात 'परमाणू' हा शब्द नाही, 'अणू' हाही नाही. सूक्ष्मतेचा उल्लेख नाही, विभाजनाचा नाही. सातांपैकी दोन तर सुख आणि दुःख आहेत. त्यांचे कण कसे कल्पावयाचे? आणि पाठ्यपुस्तक ज्यावर भर देते तो संयोग येथे मुळीच नाही. एकमेकांवर कोणताही परिणाम न करणाऱ्या वस्तू संयोग पावून नवे पदार्थ घडवितात, हे मत या उताऱ्यातून काढता येत नाही. उताऱ्याचा रोख नेमका त्याच्या उलट आहे.

परमाणुवादाचा आधार म्हणून एकच शब्द दाखविता येईल, तो म्हणजे 'विवर'. तीक्ष्ण शस्त्राने कोणी कोणाचे शिर तोडले तरी कोणी कोणाचा प्राण घेत नाही. शस्त्र केवळ सात कायांच्या मधल्या पोकळीतून जाते, असे पकुध म्हणतो. घटकांच्या मध्ये पोकळी आहे, यावरून घटक कणरूप असावेत असा तर्क करता येतो. तो तर्क अगदीच टाकाऊ नाही. पण तर्क आणि ग्रंथाचे म्हणणे यांतील अंतर विद्यार्थ्याला कळले पाहिजे. कालक्रमाचा प्रश्नही आहेच. पकुध बुद्धाचा समकालीन. वैशेषिक सूत्रांचे आज उपलब्ध असलेले स्वरूप बहुतेक अभ्यासक त्यानंतरचे मानतात. आधीच्या माणसाने नंतरच्या सिद्धान्ताचा विस्तार केला, असे सांगण्यात इतिहासाची उलटापालट होते.

हे मत सुत्तात कोणाच्या तोंडी आले आहे, हे तर शाळेतील मुलाला कधीच सांगितले जात नाही. मगधाचा राजा अजातसत्तु याच्या तोंडी ते आले आहे. पौर्णिमेची रात्र, राजगृहातील जीवकाचे आम्रवन, आणि समोर भगवान बुद्ध. श्रमणजीवनाचे याच जन्मी दिसणारे फळ कोणते, असा राजाचा प्रश्न आहे. हाच प्रश्न आपण इतर आचार्यांनाही विचारला होता, असे सांगून तो एकेकाचे उत्तर निवेदन करतो. पकुधाने सात काय सांगितले. राजाला ते उत्तर आंब्याविषयी विचारले असता फणसाच्या जातीतल्या फळाविषयी सांगावे तसे वाटले. तो त्याला विरोध न करता उठून गेला, पण असमाधानी गेला. हा राजा पितृघातकी होता. बिंबिसाराच्या वधाची कबुली तो याच सुत्ताच्या अखेरीस बुद्धासमोर देतो. मारणारा कोणी नाही आणि मरणारा कोणी नाही, ही शिकवण ज्याला सर्वांत सोयीची वाटावयास हवी होती, त्यालाच ती पटली नाही. सुत्तकारांनी ही योजना जाणीवपूर्वक केली असावी असे मला वाटते. पृथ्वी-आप-तेज-वायू यांच्या यादीत वाद नव्हता. ती यादी बुद्धही वापरतात. वाद होता तो त्या यादीवरून माणसाच्या कृत्याविषयी काय निष्कर्ष काढावयाचा याचा.

बुद्ध ही यादी कशी वापरतात ते मज्झिमनिकायातील महाराहुलोवादसुत्तात दिसते. अट्ठकथेच्या मते राहुल त्यावेळी अठरा वर्षांचा होता. तथागत त्याला पृथ्वीधातू शिकवितात ते बाहेरची माती दाखवून नव्हे, तर केस, नखे, दात, त्वचा, मांस, हाडे यांपासून. आपधातू म्हणजे पित्त, रक्त, घाम, अश्रू. तेज म्हणजे ज्याने शरीर ऊबदार राहते, ज्याने खाल्लेले पचते ते. वायू म्हणजे श्वास आणि पोटातील वात. पाचवे आकाश: कानाची, नाकाची, मुखाची पोकळी. आतले आणि बाहेरचे हे सारे एकच धातू आहेत आणि त्यांना 'माझे' म्हणता येत नाही, हा धडा आहे. विश्व कशाचे बनले आहे याचे उत्तर देणे हा त्याचा हेतूच नाही. राहुल सात वर्षांचा असताना त्याला खोटे न बोलण्याचा उपदेश करण्यासाठी तथागतांनी भांड्यात उरलेले थोडे पाणी घेतले, ते सांडले, भांडे उपडे केले आणि प्रत्येक वेळी 'तुला दिसते ना?' असे विचारले, ही कथा आपल्या वाचकांना परिचित आहे. आधी दाखवावे, मग विचारावे, मग सांगावे. विज्ञानाचा शिक्षक याहून वेगळे काय करतो?

येथे एक खरी अडचण उभी राहते. जे मूल विहारात चार महाभूते ऐकते तेच मूल शाळेत शिकते की पाणी मूलद्रव्य नाही. ते हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे संयुग आहे. मूलद्रव्ये चार नसून ११८ आहेत; त्यांतील शेवटच्या चारांची नावे तर २०१६ साली निश्चित झाली. मग धम्म खोटा की पुस्तक खोटे? असा प्रश्न मुलाच्या मनात आला तर त्याला गप्प बसविणे गैर होईल.

उत्तर अभिधम्मातच आहे. धम्मसंगणीने केलेल्या व्याख्या पाहिल्या म्हणजे 'आप' हे पाण्याचे नाव नाही हे स्पष्ट होते. पृथ्वी म्हणजे कठीणपणा, तेज म्हणजे उष्णता, वायू म्हणजे ताण किंवा फुगवटा, आणि आप म्हणजे स्निग्धता व बांधून ठेवणे. ही द्रव्ये नाहीत. वस्तूंच्या ठिकाणी आढळणारे धर्म आहेत. थेरवादी परंपरा तर आणखी एक पाऊल पुढे जाते. तिच्या मते स्पर्शाला केवळ पृथ्वी, तेज आणि वायू हेच विषय होतात. आप होत नाही. आपण पाण्यात हात घातला तर गार लागते ते तेज, मऊ लागते ती पृथ्वी, हाताला जो रेटा जाणवतो तो वायू. आपाला बोट लागतच नाही. तो केवळ मनाने जाणावयाचा. ज्वारीच्या पिठात पाणी घालून मळले की सुटे कण एकत्र येतात आणि भाकरी थापता येते. तो धरून ठेवण्याचा धर्म म्हणजे आप, आणि या व्याख्येने तो दगडातही आहे. विसुद्धिमग्गात बुद्धघोष म्हणतात की मध्यम बांध्याच्या शरीरातील पृथ्वीधातूचे परमाणूंइतके बारीक चूर्ण केले तर ते एक द्रोण भरेल, आणि त्याच्या निम्म्या मापाच्या आपधातूने ते बांधलेले आहे. प्रौढ शरीराच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणी असते हे आजचे ज्ञान या प्रमाणाशी जुळत नाही. जुळवण्याची खटपटही करू नये. बुद्धघोष शरीर तोलीत नव्हते, ध्यानाचा विषय सांगत होते.

निकायांत परमाणूचा सिद्धान्त नाही, तो नंतरच्या आचार्यांचा आहे. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात सात परमाणूंचा एक अणू, सात अणूंचे एक लोहरज, मग अब्रज, शशरज, अविरज, गोरज, छिद्ररज, लिक्षा, यूका, यव अशा सातपटींच्या अकरा पायऱ्यांनी बोटाचे पेर गाठले आहे. म्हणजे एका पेरात १,९७,७३,२६,७४३ परमाणू. पेर दोन सेंटिमीटरांचे धरून भागाकार केला तर उत्तर हायड्रोजन अणूच्या व्यासाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. हा योगायोग आकर्षक आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे. विभंगाची अट्ठकथा सम्मोहविनोदनी घेतली तर तेथील पायऱ्या निराळ्या आहेत: परमाणू, अणू, तज्जारी, रथरेणू, मग लिक्खा. या पायऱ्या छत्तीसपटींच्या, आणि त्यापुढील ऊका, धान्याचा दाणा व अंगुल या सातपटींच्या. त्या हिशेबाने एका अंगुलात ५७,६१,०८,२८८ परमाणू होतात. एका परंपरेचा आकडा दुसरीच्या तिपटीहून अधिक. कोणी काही मोजलेले नव्हते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको. सर्व काही वेदांत होते, असे म्हणणाऱ्यांना आपण पुरावा मागतो. तोच पुरावा अभिधर्माविषयी बोलताना आपल्यालाही द्यावा लागेल.

बौद्ध आचार्यांचे परमाणूविषयीचे खरे कार्य मोजमापात नसून वादात आहे. सर्वास्तिवाद्यांचा परमाणू एकटा कधीच आढळत नाही. चार महाभूते आणि रूप, गंध, रस, स्प्रष्टव्य मिळून किमान आठ द्रव्यांचा समूह असतो. पालि अभिधम्मातही अशाच आठांचा कलाप मानला आहे. तेथे स्प्रष्टव्याच्या जागी ओज येते. वैशेषिकांचा परमाणू नित्य, बौद्धांचा क्षणिक. आणि वसुबंधूने विंशतिकेत परमाणूवरच प्रहार केला. एका परमाणूला सहा बाजूंनी सहा परमाणू लागले तर त्याला सहा भाग आहेत, मग तो अविभाज्य कसला? सहाही एकाच जागी असतील तर सारा पिंड एका परमाणूएवढाच राहील. हा प्रश्न आजही सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर सहा वर्तुळे काढून विचारता येतो. मुले त्यावर भांडतील. ते भांडण उपयोगाचे आहे.

तथापि या वादाचा निकाल वादाने लागला नाही. पाणी हे संयुग आहे हे कॅव्हेंडिश आणि लावॉझिए यांच्या १७८० नंतरच्या प्रयोगांनी सिद्ध झाले. लावॉझिएच्या १७८९ च्या ३३ मूलद्रव्यांच्या यादीत पाणी नव्हते, पण उष्णता आणि प्रकाश होते. जुने तेज असे सहजासहजी गेले नाही. डाल्टनने १८०८ साली आपला सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला तो वजनांच्या प्रमाणांवरून. तरीही ओस्टवाल्डसारखा थोर रसायनशास्त्रज्ञ १९०९ पर्यंत अणूचे अस्तित्व मानावयास तयार नव्हता. द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या हालचालींवरून पेरँने १९०८ च्या सुमारास केलेल्या मोजणीनंतर तो वाद मिटला.

शब्दांविषयीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. सम्मोहविनोदनीतील परमाणू मांसचक्षूंना दिसत नाही. भिंतीच्या फटीतून आलेल्या उन्हात गिरक्या घेताना दिसतो तो 'अणू'. मराठी पुस्तकांनी अविभाज्य कणाला अणू आणि त्याच्या समूहाला रेणू म्हटले. हिंदी पुस्तकांनी त्यांनाच अनुक्रमे परमाणु आणि अणु म्हटले. लहानाकडून मोठ्याकडे जाणारा जुना क्रम दोघांनीही पाळला, फक्त मराठीने एक पायरी वरून सुरुवात केली. त्यामुळे मराठीतील अणुऊर्जा हिंदीत परमाणु ऊर्जा होते, आणि सातवीनंतर माध्यम बदललेला विद्यार्थी 'अणु' वाचून भलताच अर्थ घेतो. शिक्षकाने हे आरंभीच सांगून टाकावे.

राहता राहिला पकुध. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मृत्यूनंतर चार भूतांचे काय होते याची चर्चा केली आहे. त्यात त्यांनी ऊर्जा नष्ट होत नाही या वैज्ञानिक तत्त्वाचा आधार घेतला. तेथेही प्रश्न कोणी प्रथम शोध लावला हा नव्हता. पुनर्जन्म कशाचा आणि कोणाचा, हा होता. पाठ्यपुस्तकात पकुधाचे नाव ठेवावयाचेच असेल तर इतके पुरे: बुद्धाचा समकालीन असलेल्या या आचार्याने पृथ्वी, आप, तेज, वायू यांसह सात नित्य आणि परस्परांपासून अलिप्त घटक मानले, त्याचे मत बौद्ध ग्रंथांत जतन झाले आहे, आणि अजातसत्तु राजाने ते ऐकले तेव्हा त्याचे समाधान झाले नाही.