दीड मैल घेराचा मासा आणि त्याचे चरित्रकार

जगात नसलेल्या प्राण्यांपैकी ज्याची माहिती अत्यंत तपशीलवार लिहून ठेवण्यात आली आहे असा एक प्राणी म्हणजे नॉर्वेच्या समुद्रातला क्राकेन. त्याच्या पाठीचा घेर किती, तो काय खातो, वर्षातले किती महिने खातो, जेवणानंतर काय करतो आणि त्याच्या विष्ठेचा मासेमारीवर कोणता परिणाम होतो, हे सारे ग्रंथबद्ध आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या बिचाऱ्या बोंबलाला असे चरित्रकार लाभले नाहीत. त्यातही गंमत अशी की, क्राकेनचे आणि त्याच्या पूर्वजांचे चरित्रकार बहुतांशी मठवासी, धर्मगुरू आणि बिशप होते. माझ्या या समव्यवसायी मंडळींनी प्रवचनांतून वेळ काढून समुद्राच्या तळाकडे एवढे लक्ष का पुरवले असावे, याचे मला फार दिवस कुतूहल वाटत आले आहे.

या प्राण्याचे घराणे जुने आहे. ख्रिस्ती युगाच्या आरंभीच्या शतकांत ग्रीक भाषेत 'फिजिओलोगस' नावाचा प्राणिकथांचा ग्रंथ तयार झाला. त्यात एक महाकाय सागरी प्राणी आहे. त्याची पाठ खडकासारखी. खलाशी तिला बेट समजून तारू बांधतात, चूल पेटवतात आणि पाठीला चटका बसताच प्राणी सर्वांसह तळ गाठतो. भूक लागली की तो तोंड उघडतो, त्यातून सुगंध दरवळतो आणि लहान मासे आपण होऊन आत शिरतात. ग्रंथकाराने या प्राण्यात सैतान पाहिला, आणि उपमा म्हणून ती उत्तमच आहे.

परंतु आयर्लंडच्या मठवासीयांनी त्याच माशाला जवळजवळ धर्मग्रामाचा सभासद करून टाकले. संत ब्रेंडन हे सहाव्या शतकातले मठाधिपती, मृत्यू इ. स. ५७७ च्या सुमारास. त्यांच्या सागरयात्रेची लॅटिन कथा मध्ययुगात युरोपभर वाचली जात असे. तिच्यात पास्काच्या रात्री मठवासी एका ओसाड बेटावर उतरतात. वाळू नाही, गवत नाही. ब्रेंडन मात्र होडीतच राहतात, कारण बेटाचे खरे स्वरूप त्यांना आधीच कळलेले असते. रात्रभर प्रार्थना होते, सकाळी मिस्सा होते, मग कोणीतरी चुलीवर भांडे चढवते आणि बेट हलू लागते. धावत होडीकडे आलेल्या बांधवांना ब्रेंडन शांतपणे सांगतात की, हे बेट म्हणजे जास्कोनिअस नावाचा मासा आहे. तो आपली शेपटी तोंडात धरायचा सतत प्रयत्न करतो, पण शरीर इतके लांब की ते त्याला कधी साधत नाही. ('इअस्क' म्हणजे आयरिश भाषेत मासा. तेव्हा नाव शोधायला कथाकाराने फार कष्ट घेतलेले दिसत नाहीत.) पुढची सात वर्षे मठवासी पास्काचा सण त्याच माशाच्या पाठीवर साजरा करतात, आणि दुसऱ्या वर्षी तेथे पोहोचल्यावर त्यांना आदल्या वर्षी विसरलेले भांडे जागेवर मिळते! योनाच्या माशापेक्षा हा मासा मला अधिक जवळचा वाटतो. योनाच्या माशाने तीन दिवस पाहुणचार केला, याने सात वर्षे उपासनेला जागा दिली.

इ. स. १२५० च्या सुमारास नॉर्वेत 'राजाचा आरसा' नावाचा ग्रंथ लिहिला गेला. बाप मुलाला जगाचे ज्ञान देतो अशी त्याची मांडणी आहे. त्यात ग्रीनलंड आणि आइसलंडच्या समुद्रातल्या देवमाशांची बरीच अचूक जंत्री आहे आणि शेवटी 'हाफगुफा' येतो. बाप सांगतो, हा मासा फारसा कोणाला दिसत नाही. जगात असे दोनच मासे असावेत, आणि त्यांना पिल्ले होत नसावीत, कारण ते संख्येने वाढले तर समुद्रातले अन्न त्यांना पुरणार नाही. तेराव्या शतकातल्या माणसाने एका काल्पनिक प्राण्यासाठी अन्नपुरवठ्याचा हिशेब मांडावा, याला मी तर खरी शास्त्रीय वृत्ती म्हणेन. हा हाफगुफा मासे गोळा करण्यासाठी ढेकर देतो. फिजिओलोगसमध्ये सुगंध होता, येथे ढेकर झाला. अठराव्या शतकात त्याचे काय झाले, ते पुढे येईलच.

सोळाव्या शतकात समुद्री प्राण्यांचे जणू संमेलनच भरले. माँपेलिए येथील वैद्य रोंदले यांच्या १५५४ च्या मत्स्यग्रंथात मठवासीयासारखा दिसणारा मासा आहे आणि बिशपांच्या पोशाखातला मासाही आहे. हा बिशप मासा १५३१ साली पोलंडच्या किनाऱ्यावर सापडला, त्याला राजापुढे नेले, तेथे त्याने उपस्थित बिशपांना खुणा करून सुटका मागितली आणि पाण्यात जाताना क्रूसाची खूण केली, अशी कथा प्रचलित होती. चित्र छापताना खुद्द रोंदले यांनी साशंकता दाखवली होती, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणारे आहे.

या काळातले एक नाव मात्र हसून पुढे जाण्यासारखे नाही. स्वीडनचे ओलाउस माग्नुस. देशाने कॅथलिक पंथ सोडला तेव्हा ते आणि त्यांचे बंधू, उप्सालाचे आर्चबिशप योहानेस, परागंदा झाले. बंधूंच्या निधनानंतर १५४४ साली पोप महाशयांनी ओलाउस यांना आर्चबिशप नेमले, पण ज्या पीठावर बसायचे तेथे पाऊल टाकणे अशक्य होते. या माणसाने परक्या भूमीत बसून आपल्या मायभूमीचा नकाशा काढला. नऊ लाकडी ठशांवर कोरलेला हा भला मोठा नकाशा १५३९ साली व्हेनिसमध्ये छापला गेला आणि त्यासाठी बारा वर्षे खर्ची पडली. त्यातला समुद्र राक्षसी माशांनी भरलेला आहे. एका माशाला बेट समजून खलाशांनी नांगर टाकला आहे, पाठीवर विस्तवही पेटवला आहे. १५५५ साली रोममध्ये त्यांनी उत्तरेकडच्या लोकांचा इतिहास बावीस भागांत प्रसिद्ध केला आणि त्यात बेर्गेनजवळच्या दोनशे फूट लांब सागरी सर्पाचीही नोंद केली. दोन वर्षांनी रोममध्येच त्यांचा अंत झाला. त्या नकाशावरचे राक्षस मी पाहतो तेव्हा मला वाटते, घरी परतण्याची वाट बंद झालेल्या माणसाला आपल्या गावचा मासा सुद्धा इतरांपेक्षा मोठा दिसणारच.

'क्राकेन' हे नाव छापील पानावर आणणाऱ्या पहिल्या काही लेखकांमध्येही एक धर्मगुरूच आहेत. रावेन्नाचे फादर फ्रान्चेस्को नेग्री १६६० च्या दशकात एकटेच नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत गेले. मरणोत्तर, १७०० साली छापलेल्या त्यांच्या प्रवासवर्णनात 'शिउ-क्राक' नावाचा अनेक शिंगांचा प्रचंड मासा येतो.

आता मुख्य चरित्रकार. एरिक पोंतोपिदान (१६९८–१७६४) हे बेर्गेनचे लुथरन बिशप. त्यांनी लिहिलेले धर्मशिक्षणाचे पुस्तक नॉर्वेतली मुले पिढ्यान्‌पिढ्या पाठ करीत. १७५२–५३ साली त्यांनी 'नॉर्वेचा निसर्गेतिहास' दोन भागांत प्रसिद्ध केला. क्राकेनचे वर्णन करताना ते सांगतात की, त्याच्या पाठीचा घेर सुमारे दीड इंग्रजी मैल असतो. काही जण याहून अधिक सांगतात, परंतु चूक होऊ नये म्हणून आपण लहानात लहान आकडा घेतला आहे! एवढी सावधगिरी आमचे हिशेबनीसही पाळत नाहीत. पाठ वर आली की प्रथम लहान लहान बेटांचा समूह दिसतो, मग गलबतांच्या डोलकाठ्यांएवढे उंच हात वर येतात. प्राणी खाली जाऊ लागला की पाण्यात भोवरा होतो.

बिशपांना ही माहिती कोळ्यांनी दिली होती. उन्हाळ्यातल्या शांत दिवशी कोळी किनाऱ्यापासून दूर जातात. जेथे ऐंशी ते शंभर वाव पाणी असायला हवे, तेथे दोरी वीस-तीस वावांवरच टेकते आणि कॉड वगैरे मासळी इतकी लागते की होडी भरून जाते. याचा अर्थ खाली क्राकेन आहे. दोरी आणखी आखूड पडू लागली की तो वर येतो आहे, तेव्हा वल्ही मारून पळायचे. मासे तेथे का जमतात? याचेही उत्तर आहे. क्राकेन काही महिने नुसता खातो आणि नंतरचे काही महिने नुसते उत्सर्जन करतो. त्याने पाणी गढूळ होते, त्या वासावर मासे दुरून धावत येतात आणि यजमान मग पाहुण्यांचाच फराळ करतो. सुगंधापासून ढेकरापर्यंत आणि ढेकरापासून येथपर्यंत! शतकागणिक माशाच्या आकर्षणाचे केंद्र असे खाली सरकत गेले.

१६८० सालची एक घटना त्यांनी दिली आहे. आल्स्ताहाउग धर्मग्रामाच्या हद्दीत एक क्राकेन, बहुधा अल्लड वयाचा, खडकांच्या आणि झाडांच्या सापटीत अडकून मेला. त्याच्या दुर्गंधीने रोगराई पसरेल अशी भीती गावकऱ्यांना वाटली. ही हकीकत कळवणारेही एक धर्मगुरूच होते.

पोंतोपिदान यांच्यावर पुढे पुष्कळ हसण्यात आले. मी मात्र त्यांची बाजू घेईन. त्यांनी अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांना विचारले, त्यांचे म्हणणे एकमेकांशी जुळते का ते पाहिले आणि मग लिहिले. कोळ्यांनी जे हाताने अनुभवले होते, म्हणजे अचानक उथळ झालेले पाणी आणि तेथे लागणारी विपुल मासळी, ते खोटे मानण्याचे कारण नाही. समुद्रतळावर उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मासे जमतात, हे कोणत्याही किनाऱ्यावरचा कोळी सांगेल. त्या उंचवट्याला हातपाय फुटले ते नंतरच्या सांगण्यात. साक्ष आणि साक्षीचा अर्थ यांत अंतर असते. कबुलीजबाब ऐकणाऱ्याला ते चांगले ठाऊक असते, ग्रंथ लिहिणारा मात्र ते कधी कधी विसरतो.

हे अंतर साफ पुसले ते फ्रेंच शास्त्रज्ञ देनिस द मोंफोर यांनी. साँ-मालो येथील संत थॉमस यांच्या प्रार्थनामंदिरात एक नवसाचे चित्र होते. अंगोलाच्या किनाऱ्याजवळ राक्षसी प्राण्याने जहाजाला विळखा घातला, खलाशांनी नवस बोलला, सुटका झाली आणि त्यांनी ते चित्र अर्पण केले, अशी त्याची कथा. चित्र कृतज्ञतेने काढलेले होते. मोंफोर यांनी ते पुरावा म्हणून घेतले आणि आपल्या ग्रंथात डोलकाठ्यांना विळखा घालणारा प्रचंड ऑक्टोपस छापला. एवढ्याने समाधान न होऊन, १७८२ साली नाहीशा झालेल्या दहा ब्रिटिश युद्धनौकाही त्याच प्राण्याने एका रात्रीत बुडवल्या असे त्यांनी मांडले. त्या सालच्या अटलांटिक वादळात कोणती जहाजे कशी बुडाली, हे वाचलेल्या खलाशांकडून सर्वांना कळलेले होते. मोंफोर यांची पत गेली आणि १८२० च्या सुमारास पॅरिसमध्ये दारिद्र्यात त्यांचा शेवट झाला.

त्यानंतर क्राकेनचे नाव काढणे म्हणजे हसे करून घेणे, अशी विद्वानांची समजूत झाली. नेमक्या त्याच वेळी डेन्मार्कचे यापेतुस स्टीनस्ट्रुप जुन्या कागदपत्रांकडे वळले. १८५४ साली त्यांनी प्रतिपादन केले की, सोळाव्या शतकातला तो मठवासी मासा म्हणजे प्रचंड आकाराचा माकूळ असावा. आपल्या बाजारात टोपलीत मिळतो त्याच कुळातला. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका प्राण्याची चोच त्यांच्या हाती होती. १८५७ साली त्यांनी त्याला 'आर्किट्युथिस' हे नाव दिले. १८६१ साली 'अलेक्तों' या फ्रेंच जहाजाने तेनेरिफजवळ असा एक प्राणी दोरखंडात पकडला. तो निसटला, हाती शेपटीचा तुकडा आला, आणि पॅरिसच्या विद्वानांनी खलाशांवर विश्वास ठेवला नाही.

निकाल लागला १८७३ साली, न्यूफाउंडलंडमध्ये. ऑक्टोबर महिन्यात कोळ्यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या एका गोळ्याला गळाच्या काठीने डिवचले. गोळा जिवंत झाला आणि त्याने होडीवर दोन हात टाकले. कुऱ्हाडीने ते तोडण्यात आले. त्यांपैकी एक गावातल्या कुत्र्यांनी फस्त केला. दुसऱ्याचा एकोणीस फूट लांबीचा तुकडा सेंट जॉन्सचे प्रेस्बिटेरियन धर्मगुरू मोझेस हार्वे यांच्याकडे पोहोचला. काही आठवड्यांतच लॉजी बे येथे हेरिंगच्या जाळ्यात एक अख्खा प्राणी सापडला. हार्वे यांनी तो दहा डॉलरला विकत घेतला, घरी आणला आणि न्हाणीच्या टबावरच्या कांबीवर लटकवून त्याचे छायाचित्र काढविले. ते जगभर पाहिले गेले. प्राणिशास्त्राच्या इतिहासात न्हाणीघराचे इतके योगदान दुसऱ्या कोणत्या प्रसंगी घडले असेल, मला माहीत नाही.

तरी हे सारे मेलेले किंवा मरणासन्न प्राणी होते. मादीची लांबी बारा-तेरा मीटरपर्यंत जाते, डोळा माणसाच्या डोक्याएवढा, आणि तो स्पर्म देवमाशाचे भक्ष्य आहे, हे कळले. पण खोल पाण्यातला जिवंत प्राणी कोणीही पाहिला नव्हता. ३० सप्टेंबर २००४ रोजी जपानचे त्सुनेमी कुबोदेरा आणि त्यांचे सहकारी यांनी ओगासावारा बेटांजवळ नऊशे मीटर खोलीवर आमिष व कॅमेरा सोडला. प्राणी आला आणि त्याचा एक लांब हात गळात अडकला. चार तासांहून अधिक काळ तो झगडत होता आणि कॅमेरा दर अर्ध्या मिनिटाला छायाचित्र टिपत होता. अखेर हात तुटला आणि प्राणी निघून गेला. साडेपाच मीटर लांबीचा तो तुकडा बोटीवर ओढून घेतला, तेव्हाही त्याच्या चूषकांत जोर होता. ते फळ्यांना चिकटत होते आणि पुढे केलेले बोट पकडत होते.