नौदल अधिकाऱ्यांची हौशी चलत्चित्रे : रीळ कोणत्या काळाचे?

नौदल अधिकाऱ्याने स्वतःच्या कॅमेऱ्याने, केवळ हौसेखातर केलेले चित्रण हे इतिहासाचे दुर्लक्षित साधन होय. कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिमी आणि १९३२ मध्ये ८ मिमी फिल्म आणली, तेव्हापासून ही हौस रुजली. रिळात जेमतेम चार मिनिटे मावत, तीही मूक. शांतताकाळातील बंदरे, कवायती, डेकवरचे खेळ यांत विपुल आढळतात. युद्धकाळात खासगी चित्रणावर निर्बंध येत; त्यामुळे युद्ध बहुधा दोन रिळांमधल्या खंडातूनच जाणवते.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. बेळगाव-निपाणी भागात सैनिकी परंपरेची घरे पुष्कळ. तेथील पत्र्याच्या पेटीत बिननोंदीचे रीळ सापडल्यास प्रथम फितीची कड पाहावी. कोडॅक फितीवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणांनी निर्मितिवर्ष दर्शविलेले असे. परंतु या खुणा दर वीस वर्षांनी पुन्हा येत. म्हणजे १९४१ आणि १९६१ ची खूण एकच!

हा घोळ गोमंतकीयांना क्षुल्लक वाटू नये. डिसेंबर १९६१ मध्ये मेजर जनरल कँडेथ यांच्या १७ व्या डिव्हिजनची जमवाजमव बेळगाव परिसरात झाली. १८ डिसेंबरला ‘बेतवा’ व ‘बियास’ या युद्धनौकांनी मुरगाव बंदरात ‘अफोंसो द अल्बुकर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका निकामी केली. रीळ दुसऱ्या महायुद्धाचे की गोवामुक्तीच्या वर्षाचे, हे अशा वेळी जहाजावरचा ध्वज सांगतो. १९४१ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीच्या पांढऱ्या ध्वजावर सेंट जॉर्जचा क्रॉस आणि कोपऱ्यात युनियन जॅक होता. २६ जानेवारी १९५० पासून कोपऱ्यात तिरंगा आला, क्रॉस मात्र कायम राहिला. म्हणून कृष्णधवल चित्रात क्रॉसकडे नव्हे, कोपऱ्याकडे पाहावे : तिरक्या रेषा असल्यास युनियन जॅक, केवळ आडवे पट्टे असल्यास तिरंगा.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर फितीचा अॅसिटेट पाया कुजू लागला आहे असे समजावे. दमट पावसाळ्यात ही क्रिया बळावते आणि शेजारच्या रिळांनाही लागते; असे रीळ वेगळे, थंड व कोरड्या जागी ठेवावे. प्रोजेक्टरवर चढवण्याचा मोह टाळावा, कारण आकसलेली फीत दात्यांत फाटते. सल्ल्यासाठी पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) आहे. चित्रण करणारा अधिकारी हयात असल्यास डिजिटल प्रत दाखवून त्याचे निवेदन ध्वनिमुद्रित करून घ्यावे. मूक रिळातील खलाशांची नावे बहुधा त्यालाच ठाऊक असतात.